‘सोड’ म्हणेल तो नाळेवर

"म्याडम, हो म्हनतोय का नाय तुमचा कंप्युटर?"

आवाज आला तिथे माणूस दिसत नव्हता. जेटी पायाखाली होती एवढं नक्की, कारण मी तिच्यावर उभी होते. बाकी खाडी, बांधलेली लाँच, पलीकडचं तारळ गाव, सगळं कुणीतरी उचलून नेल्यासारखं नाहीसं झालं होतं. धुकं मी पुण्यात पाहिलं होतं, पण ते येतं आणि जातं. हे बसलेलं होतं, चहा झाला तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखं.

मग आवाजाच्या मागून माणूस आला. येसू डोर्लेकर, लाँचचा तांडेल. त्याच्या आधी त्याचा बाप याच खाडीत बोट चालवायचा. सगळे त्याला येसूदा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले होते.

"नाही म्हणतोय," मी म्हटलं. "लाल दाखवतोय."

"लाल तर लाल. आता पुढं काय?"

पुढचं सांगायलाच मी आले होते. आमची पुण्याची कंपनी संस्थांचे नियम, त्यांच्यावरचे धोके आणि त्या धोक्यांची जबाबदारी सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवायची. वेळसर-तारळ जलवाहतूक संस्थेला असल्या गोष्टीची हौस नव्हती. विमा कंपनीने अट घातली, म्हणून त्यांनी ते घेतलं होतं, आणि मी नवी आवृत्ती बसवायला येऊन राहिले होते. तिच्यात दोन गोष्टी नव्या होत्या. जेटीच्या खांबावर धुकं मोजणारं यंत्र होतं. ते लाल म्हणालं की तिकिटाचं मशीन आपोआप बंद व्हायचं. आणि ते उघडायचं असेल, तर कुणीतरी स्वतःच्या नावाने 'धोका मी स्वीकारतो' असं नोंदवायचं. संस्थेने स्वीकारला, कमिटीने स्वीकारला, असलं चालणार नव्हतं. एका जिवंत माणसाचं नाव हवं.

आदल्या दिवशी ऑफिसात मी हे समजावून सांगितलं, तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. उन्हात माना पटकन डोलतात.

"अगं, ए मुली! बोट कधी सुटणार?"

धुक्यातून एक बाई आल्या. अंगात जाड स्वेटर, त्यावर पदर खोचलेला, आणि हाताला धरून आणलेला एक उंच, पिवळट चेहऱ्याचा माणूस. त्या कुमुदताई शिरधनकर आणि ते त्यांचे यजमान, शाळेतले निवृत्त ड्रॉइंगचे सर. आठवड्यातून दोनदा तारळच्या दवाखान्यात ते डायलिसिसला जात. सरांची मूत्रपिंडं काम करत नव्हती. रक्त धुऊन देणारं यंत्र फक्त पलीकडे होतं.

"ताई, लाल आहे," मी म्हटलं. "धुकं उतरेपर्यंत थांबावं लागेल."

"किती वेळ?"

"उन्हं वर आली की."

"तोवर यांचा नंबर जाईल. मागच्या खेपेला मेलं मशीनच बिघडलेलं, तसंच परत आणलं यांना. आजही नाही झालं तर?" त्यांनी सरांकडे पाहिलं. "बघ, श्वास कसा चाललाय तो."

मी पाहिलं. सर हसले, पण मधेच थांबून त्यांनी श्वास गोळा केला. पायांवर सूज होती, चपलांचे पट्टे रुतले होते.

"रस्त्याने नाही जाता येणार?" मी विचारलं.

"घाटाने वळसा घालून? अर्धा दिवस जातो. आणि ॲम्ब्युलन्स आहे ती पण तारळचीच." कुमुदताई येसूदाकडे वळल्या. "येसू, सोड बोट. मी बसते पुढे नेहमीसारखी."

"मी कदी नाय म्हनलं, ताई? पन आता माज्या हातात नाय. विचारा हेंला."

आधी चेअरमनांशी बोलून मग मी संस्थेच्या सेक्रेटरीला, घाणेकरांना फोन लावला. ते जेटीपासून हाकेच्या अंतरावर राहत, पण धुक्यात बाहेर पडायला तयार नव्हते.

"सोडा ना बोट," ते म्हणाले. "शिरधनकर सरांची अडचण आम्हाला माहीत नाही का?"

"मग तुमचं नाव टाकते."

पलीकडे कपबशीचा आवाज.

"माझं नाव कशाला? मी नुसता सेक्रेटरी. चेअरमनांचं टाका."

"चेअरमन मुंबईला लग्नाला गेलेत. आत्ताच विचारलं. ते म्हणाले, माझी तोंडी परवानगी आहे, पण नाव नको."

"बघा, परवानगी आहे की! आता अडलंय कुठे?"

अडलंय कुठे ते मी त्यांना सांगायच्या आत फोन ठेवला गेला. मला राग आला होता, आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही वाटत होती. इतकी वर्षं धोका सगळ्यांचा होता तेव्हा कुणाचाच नव्हता. एका नावाची जागा रिकामी ठेवली, तर सगळं गाव चहा प्यायला बसलं.

कुमुदताई माझ्या खांद्यावरून लॅपटॉपकडे बघत होत्या. "माझं टाक नाव."

"संस्थेत नोंद असलेल्याचंच घेतं ते."

"येसूचं?"

"बोट चालवणाऱ्याचं नाही घेत. त्याच्यावर दबाव येऊ नये म्हणून." हा नियम मीच सुचवला होता, आणि तो चांगला आहे असं मला अजूनही वाटतं.

"तुझं आहे का त्यात?"

माझं होतं. चाचणीसाठी घातलेलं, अन्विता दातीर, सगळे अधिकार. मी लॅपटॉपची स्क्रीन थोडी खाली केली, तेवढ्यावरून त्यांना कळलं.

त्या विनवण्या करतील असं मला वाटलं होतं. त्यांनी केल्या नाहीत. त्यांनी सरांना जेटीच्या कट्ट्यावर बसवलं आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. सरांचा श्वास धुक्यात ऐकू येत होता, ओल्या कपड्यातून हवा ओढल्यासारखा. त्या आवाजासमोर मी किती वेळ उभी राहिले, ते आठवत नाही. मग मी माझं नाव टाकलं आणि बटण दाबलं. तिकिटाचं मशीन किर्रर्र करून जागं झालं.

"चला," येसूदा म्हणाला. कुमुदताई पुढच्या बाजूला जाऊ लागल्या, तसा त्याने हात आडवा धरला. "ताई, आज तुमी मागं बसा सरांसंगं. म्याडम पुडं."

"मी? मी येत नाहीये," मी म्हटलं. "मला पोहता येत नाही."

"मला तरी कुटं चांगलं येतं," येसूदा शांतपणे म्हणाला. "ही खाडीची रीत हाय, म्याडम. धुक्यात 'सोड' म्हनेल तो नाळेवर. माज्या बापाच्या टायमापासून. 'सोड' म्हनून घरात जायाचं नाय. नाव तुमचं, जागा तुमची."

नाळ म्हणजे बोटीचं अगदी पुढचं टोक. तिथे बसायला एक फळी होती आणि धरायला काहीच नव्हतं. मी लाईफ जॅकेटचे सगळे पट्टे आवळले, लॅपटॉपची सॅक पाठीला लावली आणि जाऊन बसले. आम्ही चौघंच होतो. बाकी शहाणे लोक घरी होते.

जेटी सुटली आणि दोन क्षणांत नव्हतीच. मी मागे वळून पाहणार होते, पण येसूदा ओरडला, "पुडं बगा! पुडंच बगायचं." म्हणून मी पुढे बघत राहिले.

पुढे काय होतं ते सांगणं कठीण आहे. पांढरं होतं, पण एकसारखं नव्हतं. कुठे दाट, कुठे विरळ, आणि त्यात सारखं काहीतरी होऊ बघत होतं. एकदा मला आमच्या जुन्या घरासमोरचा रस्ता दिसला. एकदा एक झाड दिसलं, त्याखाली कुणीतरी उभं होतं, आणि मग काहीच नव्हतं. खाली पाणी आहे हे फक्त आवाजावरून कळत होतं. इंजिन अगदी हळू चाललं होतं, आणि येसूदा मधूनमधून ते बंद करून ऐकायचा. मग इतकं शांत व्हायचं की बोट चालली आहे की थांबली आहे, तेही कळायचं नाही. मला भीती वाटत होती आणि त्याच वेळी झोपेत असल्यासारखं फार बरं वाटत होतं. असं दोन्ही एकदम वाटू शकतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

लांबून, कुठल्या दिशेने कोण जाणे, टण्ण असा एक आवाज आला. मग पुन्हा.

"तारळवाले रूळ वाजवतायत," येसूदा म्हणाला. "रेल्वेचा तुकडा, झाडाला टांगलाय. बोट सुटली की फोन करायचा, ते वाजवत ऱ्हातात."

"मुलं विचारायची," सरांचा आवाज मागून आला, दमलेला पण स्वच्छ, "सर, चित्रात धुकं कसं काढायचं? मी सांगायचो, धुकं काढायचं नसतं. बाकीचं काढायचं थांबायचं."

"बोलू नका तुम्ही, दम लागतो," कुमुदताई म्हणाल्या, आणि स्वतः बोलू लागल्या. "अगं, तू एवढी काय ताठ बसलीयेस? सवय नाही म्हणून. मी दर हिवाळ्यात बसते त्या फळीवर. आजवर काही झालं? कधी काही झालं नाही."

"दरवेळी तुम्हीच 'सोड' म्हणता?"

"मग कोण म्हणणार? या गावात एकेक शूर पडलेत." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आमच्या माहेरी, तारळातही आहेत. माझा सख्खा भाऊ आहे तिथे. दवाखान्याच्या मागच्या गल्लीत."

मी पुढे बघतच विचारलं, "मग धुक्याच्या दिवसांत तुम्ही आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे का नाही जात?"

टण्ण, आवाज आला.

"बोलत नाही आम्ही," कुमुदताई म्हणाल्या. "आमच्या शलाकाच्या लग्नापासून. पौषात नाही, माघात लग्न होतं, असंच धुकं. मुहूर्त सकाळचा. भाचीच्या मागे मामा उभा राहायचा असतो की नाही? अंतरपाट धरला, भटजी सारखे विचारतायत, मामा कुठे, मामा कुठे. मामा तारळच्या जेटीवर! नवे कपडे घालून उभा. येसूच्या बापाने विचारलं त्याला, सोडू का बोट? तो म्हणाला, नको. नाळेवर बसायला भ्याला. सख्ख्या भाचीच्या लग्नाला! शेवटी शेजारचे उभे राहिले मामा म्हणून. दुपारी आला, ऊन पडल्यावर. मी म्हटलं, आता आलास कशाला, जेवायला? तो उलट्या पावली गेला. तेव्हापासून त्याची पायरी चढले नाही मी. आणि चढणारही नाही."

"कुमुद," सर म्हणाले.

"का? खोटं आहे का? आम्ही दर खेपेला येतोच की या धुक्यातून. काय खातं का ते माणसाला?"

येसूदाने इंजिन बंद केलं. टण्ण ऐकू यायला हवा होता, तो आला नाही. बोट नुसती वाहत होती. माझ्यासमोरच्या पांढऱ्यात एक जागा राखाडी झाली, मग काळी झाली. मला वाटलं, हेही मघाच्या झाडासारखं विरून जाईल. मग त्या काळ्यावर एक बगळा दिसला. तो माझ्याकडे बघत होता, आणि मला त्याचा डोळा दिसत होता.

"दगड!" मी ओरडले. "येसूदा, दगड!"

मग एकदम सगळं झालं. इंजिन उलटं धडधडलं, बोट तिरकी झाली, मी फळीवरून घसरले आणि दोन्ही हातांनी काठ धरला. बगळा उडाला. ओल्या, शिंपल्यांनी भरलेल्या खडकाची भिंत माझ्या हाताजवळून गेली. हात लांब केला असता तर लागली असती. बोटीच्या कुशीला खालून काहीतरी खरवडत गेलं, बराच वेळ, आणि थांबलं.

"म्हैसधोंड," येसूदा म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. "भरतीनं वढून आनलं. आवाज ऱ्हायला डाव्या हाताला."

म्हैसधोंड मी रोज दिवसा पाहिला होता. खाडीत बसलेल्या म्हशीसारखा तो काळा खडक सगळ्यांना ठाऊक होता. पोरं त्यावर नाव लिहून यायची. मला रडू येत होतं, ते मी येऊ दिलं. पुढे बसलेल्याचं तोंड तसंही कुणाला दिसत नाही.

मागून कुमुदताईंचा आवाज आला, अगदी हळू. "अहो, डोळे का मिटलेत? चक्कर आली का?"

"नाही," सर म्हणाले.

"मग?"

"मी मिटतोच."

"म्हणजे?"

"धुकं असलं की. बोट लागेपर्यंत." सरांनी श्वास घेतला. "तू पुढे असतेस ना. तुला दिसत नाही."

टण्ण परत सापडला, मोठा होत गेला, आणि धुक्यातून आधी एक कंदील, मग तो धरणारा हात, मग जेटीची पायरी आली. रूळ वाजवणाऱ्याने दोर झेलला आणि विचारलं, "उशीर केलास रं, येसू?" येसूदा नुसता 'हां' म्हणाला.

रिक्षा उभी होती. आम्ही सरांना धरून पायऱ्या चढवल्या, वेळ अजून गेलेली नव्हती. सरांना आत बसवताना माझा फोन वाजला. नव्या आवृत्तीने प्रश्न विचारला होता. फेरी संपली की ती विचारायचीच: 'काय घडलं?' खाली तीन पर्याय होते. काहीच घडलं नाही. थोडक्यात वाचलो. अपघात झाला. पहिल्या पर्यायासमोरचा ठिपका आधीच भरलेला होता, लोकांचा वेळ वाचावा म्हणून.

पाठोपाठ घाणेकरांचा फोन. "पोचलात ना? छान. आता ते पहिलं दाबून टाका."

"बोट म्हैसधोंडाला घासली."

"पण झालं काही नाही ना? मग?"

मी फोन ठेवला. येसूदा माझ्याजवळ येऊन उभा होता. "म्याडम, दुसरं दाबलं तर काय हुईल?"

"धुक्यात बोट बंद होईल. चौकशी लागेल. तोडगा निघेपर्यंत नावानेसुद्धा उघडणार नाही."

"आनि पयलं दाबलं तर?"

हे सांगायला मला जड गेलं, कारण ती माझी आवडती गोष्ट होती. आमचं सॉफ्टवेअर शिकायचं. जुन्या हिवाळ्यांमधल्या येसूदाच्या धुक्यातल्या फेऱ्या आम्ही त्यात भरल्या होत्या, आणि प्रत्येकीपुढे तेच उत्तर होतं. आणखी एकदा तेच आलं की ते ठरवणार होतं, हा धोका वाटतो तेवढा मोठा नाही.

"पहिलं दाबलं, तर लालचा पिवळा होईल," मी म्हटलं. "पिवळ्याला कुणाचं नाव लागत नाही. तिकीट फाडायचं आणि निघायचं."

"म्हंजे नाळेवर कोन नाय बसनार?"

"बसायची गरज नाही, असं ते समजेल. आजवर कधी काही झालं नाही ना."

शेवटचं वाक्य माझ्या तोंडून निघालं आणि मी कुमुदताईंकडे पाहिलं. त्या रिक्षाच्या दाराशी उभ्या होत्या, एक हात सरांच्या गुडघ्यावर. त्यांनी ऐकलं होतं. या हिवाळ्यातल्या त्यांच्या सगळ्या खेपा माझ्या अंगठ्याखाली होत्या, आणि त्या 'पहिलंच दाब गं' म्हणाल्या असत्या, तर मी काय केलं असतं, ते मला आजही ठाऊक नाही.

"येसू," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी दादाबरोबर बोटीला कोण कोण होतं रे? लग्नाच्या दिवशी."

येसूदा गोंधळला. "तवा मी बापासंगं दोरावर व्हतो. सगळेच व्हते की. तुमची आई, वयनी, त्येंची पोरं. तान्हं पन व्हतं एक. फुलांच्या टोपल्या. बोट भरली व्हती."

"आणि दादा?"

"तो नाळेवर जाऊन बसलाच व्हता, ताई. बापानं इचारलं, सोडू? तवा त्यानं एकदा मागं वळून बगितलं सगळ्यांकडं. मंग उतरला."

"बसला होता?"

"बसला व्हता तर. तुमाला ठावं नाय?"

कुमुदताई जिथून आलो त्या दिशेला बघत होत्या, जिथे अजून काहीच नव्हतं. मग त्यांनी मला म्हटलं, "दुसरं दाब."

"ताई, मग धुक्याच्या दिवशी तुम्हाला..."

"कळतंय मला. दाब तू."

मी दुसरं दाबलं. स्क्रीन लालच राहिली, आणि खाली माझ्या नावासकट सगळी हकीकत चेअरमनांपासून विमा कंपनीपर्यंत सगळ्यांकडे गेली. नंतर व्हायचे ते तमाशे झाले. घाणेकर माझ्याशी पुन्हा धड बोलले नाहीत, आणि पुण्यात साहेबांनी विचारलं की इन्स्टॉल करायला गेलेल्या मुलीने बोटीच्या टोकावर बसायचं कारण काय. आधीच भरलेला तो ठिपका मात्र आम्ही पुढच्या आवृत्तीत काढून टाकला. पण या सगळ्याला वेळ होता.

कुमुदताईंनी कमरेच्या पिशवीतून फोन काढला. नंबर शोधावा लागला नाही. त्यांनी तो आकडा आकडा करत दाबला. फोन जुना होता आणि त्याचा आवाज मोठा, त्यामुळे पलीकडची घंटी आम्हा सगळ्यांना ऐकू येत होती. रिक्षावाल्याने इंजिन चालू केलं होतं, ते सरांनी हाताने खूण करून बंद करायला लावलं.

"हॅलो? कोण?" म्हाताऱ्या माणसाचा, नुकत्याच उठलेल्याचा आवाज.

"दादा, कुमुद बोलतेय."

पलीकडे खाट करकरली.

"काय झालं? भावजींना काय झालं?"

"काही नाही. बरे आहेत. तारळच्या जेटीवर आहोत आम्ही. धुकं होतं ना, म्हणून फोन केला."

"जेटीवर? आत्ता? बोटीने आलात?" आवाज एकदम चढला. "एवढ्या धुक्यात? आजारी माणसाला घेऊन? मी इथे जिवंत असताना? अक्कल आहे का गं तुला?"

कुमुदताई जेटीच्या ओल्या पायरीवर बसल्या. त्यांचे खांदे हलत होते. हसत होत्या की रडत होत्या, ते मला कळलं नाही. सर रिक्षातून त्यांच्याकडे बघत होते, डोळे उघडे ठेवून.

"आत्ता आली, दादा," त्या म्हणाल्या.